तो आपला कोण?

मागच्या डिसेंबरातील गोष्ट. जळगावच्या ज्या मशिदीत मी इमामत करतो, तेथे असरच्या नमाजनंतर मुलामुलींचा मकतब भरतो. त्या दिवशी धडा संपला होता आणि मुले रिहाल आवरत होती. सातवीत शिकणारी एक मुलगी मात्र जागची हलली नाही. ती मराठी शाळेत जाते. वर्गात तिच्या बाकावर एक ख्रिस्ती मुलगी बसते. नाताळच्या निमित्ताने दोघींचे काही बोलणे झाले असावे. ती म्हणाली, "मौलाना, माझी मैत्रीण म्हणते, देव तिचा बाप आहे. दुआ करताना ती त्याला बाप म्हणूनच हाक मारते. मग अल्लाह आपला कोण?"

मी तत्काळ सूरह इखलासचा आधार घेतला. अल्लाह एकमेव आहे, त्याला संतती नाही आणि तो कोणाची संतती नाही, हे तिला समजावले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ती सूरह मला पाठ आहे, मौलाना. तो बाप नाही, हे कळलं. मी विचारलं, तो आपला कोण?"

तेवढ्यात मगरिबची वेळ झाली. "उद्या सांगतो," असे म्हणून मी उठलो. पुढे कितीतरी 'उद्या' आले आणि गेले. मी मदरशात आठ वर्षे काढली, तफसीर आणि हदीस शिकलो, अकीद्याचे ग्रंथ वाचले. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर तयार नव्हते. अल्लाह काय नाही, हे मी मुलांना चांगले शिकवले होते. तो आपला कोण आहे, हे शिकवायचे राहून गेले होते. माझ्याप्रमाणे अनेक घरांतही ते राहून गेले असेल, असे वाटते. म्हणून हा लेख.

प्रथम समोरच्याचे म्हणणे नीट समजून घेऊ. एखाद्या समूहाशी असलेल्या वैरामुळेही तुम्ही न्याय सोडू नका, अशी आज्ञा सूरह मायदामध्ये आहे. येथे तर वैरही नाही, शेजार आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, धुळ्यात, नंदुरबार-नवापूर भागातील भिल्ल आणि मावची पाड्यांवर ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. याच सातपुड्याच्या पूर्वेकडील अंगाला, यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत आपले तडवी बांधव राहतात. तेही मूळचे भिल्लच. एकाच डोंगराच्या लेकरांपैकी काही जण अल्लाहला 'या रब्ब' म्हणून पुकारतात, तर काही देवाला 'बापा' म्हणतात. इतक्या जवळच्या माणसाच्या तोंडचा शब्द त्याला अभिप्रेत नसलेल्या अर्थाने घेणे हा अन्याय ठरेल.

आपल्याकडे चौकातल्या गप्पांत असे सहज म्हटले जाते की, ख्रिस्ती लोक देवाला माणसासारखा जन्मदाता मानतात. कोणताही जाणता ख्रिस्ती माणूस हे मान्य करणार नाही. त्यांच्या श्रद्धेत 'पिता' या शब्दाला दोन पदर आहेत. पहिला पदर येशूंच्या, म्हणजे हजरत ईसा (अलै.) यांच्या संदर्भातला. इ. स. 325 मध्ये निकिया येथे त्यांच्या धर्मगुरूंची जी परिषद झाली, तिने येशू हे पित्यापासून जन्मलेले, पण निर्माण केलेले नव्हेत, असा सिद्धान्त ठरवला. हे जन्मणे शारीरिक नाही, कालातीत आहे, असे ते मानतात. दुसरा पदर सामान्य श्रद्धाळूंचा. देव आपल्याला दत्तक घेतल्याप्रमाणे लेकरे करून घेतो, असे संत पौलाच्या पत्रांत सांगितले आहे. येशूंनी शिष्यांना शिकवलेली प्रार्थना पित्याला हाक मारूनच सुरू होते. मार्कच्या शुभवर्तमानात, अटकेपूर्वीच्या रात्री प्रार्थना करताना येशूंच्या तोंडी 'अब्बा' हा अरामी शब्द येतो. घरातले मूल वडिलांना ज्या शब्दाने हाक मारते, तोच हा शब्द.

या श्रद्धेचे सर्वांत लोकप्रिय चित्र लूकच्या शुभवर्तमानातील 15 व्या अध्यायात आहे. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन उधळून टाकतो, डुकरे राखण्याच्या पाळीला येतो आणि अखेर लाजेने घराकडे वळतो. तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळ्याशी धरतो. ज्या समाजात वडीलधारा माणूस धावणे अप्रतिष्ठेचे मानतो, त्या समाजात हा बाप धावतो. ख्रिस्ती माणूस 'पिता' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हा धावणारा बाप असतो.

मराठीत बी. ए. करताना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली, तेव्हा या श्रद्धेचे मराठी रूप मला प्रथम दिसले. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी ख्रिस्ती झाल्या नाहीत. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली आणि पुढे 1900 मध्ये त्या आपल्या विचाराने त्या धर्मात गेल्या. वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, मायबाप म्हटले. टिळकांनी तीच भाषा आपल्या ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाच्या 'पिता' या शब्दात आईचाही सूर मिसळलेला असतो.

टिळकांचा आपल्या खानदेशाशी एक जवळचा संबंध आहे. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले होते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' हे नाव दिले. संमेलनाला आलेल्या टिळकांनी या मुलाला पुढे अहमदनगरला आपल्या घरी नेले आणि पतिपत्नींनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. ठोंबरे हिंदू होते आणि हिंदूच राहिले. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. देवाला पिता म्हणणाऱ्या एका घराने परक्याच्या, परधर्माच्या मुलाला मायेने सांभाळले, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कोणत्याही श्रद्धेची पारख केवळ तिच्या सिद्धान्तांवर होत नाही, ती माणसाला कसे वागायला शिकवते यावरही होते.

मग प्रश्न असा की, या शब्दात एवढी ऊब असताना कुरआनने तो अल्लाहसाठी का स्वीकारला नाही?

पहिले कारण तौहीदचे. 'बाप' हा शब्द नात्याचा आहे आणि नात्याची दोन टोके एकाच जातीची असतात. माणसाचे मूल माणूसच असते. निर्माता आणि निर्मिती मात्र एका जातीचे नाहीत. अरबस्तानातले मूर्तिपूजक फरिश्त्यांना अल्लाहच्या मुली म्हणत आणि त्यांच्याकडे शिफारशीसाठी जात. एकदा घराणे कल्पिले की वशिला आलाच. कुरआनने ही कल्पनाच मुळापासून दूर केली. आपले उलमा सांगतात की, अल्लाहला त्याने स्वतः किंवा त्याच्या प्रेषिताने सांगितलेल्या नावांनीच पुकारावे. त्या नावांत 'पिता' हे नाव नाही.

दुसरे कारण न्यायाचे. सूरह मायदाच्या 18 व्या आयतीचा आशय असा आहे की, जे लोक स्वतःला अल्लाहचे पुत्र आणि लाडके म्हणवतात त्यांना विचारा, मग तो तुमच्या अपराधांबद्दल तुम्हाला शिक्षा का करतो? तुम्हीही त्याने निर्माण केलेल्या माणसांपैकीच आहात. कोणी आपल्या घराण्याच्या किंवा जमातीच्या नावावर अल्लाहकडे विशेष हक्क सांगू नये, हा त्यातला बोध. हा बोध इतरांसाठी आहे असे समजून आपण निर्धास्त राहतो, ही आपली चूक. 'आम्ही उम्मती आहोत, आमचे निभावेल,' असे म्हणत फज्रच्या वेळी झोपून राहणारा आणि भावाच्या शेताचा बांध कोरणारा मुसलमानही स्वतःला लाडका पुत्रच समजत असतो. फक्त तो तसा शब्द वापरत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. पुत्र म्हणून हक्क नाही, तर मग उरतो तो बंदा, म्हणजे दास. दासावर मालक प्रेम करतो का? ख्रिस्ती मित्र नेमके हेच विचारतात आणि त्या मुलीच्या मनातही हेच असावे. तिच्या मैत्रिणीला बाप मिळाला होता. आपल्याला मालक मिळाला, असे तिला वाटले असेल.

या शंकेचे उत्तर कुरआनच्या पहिल्या सूरहमध्येच आहे. तेथे अल्लाहने आपली ओळख रब्ब म्हणून दिली आहे. या शब्दाचे भाषांतर आपण 'मालक' किंवा 'पालनकर्ता' असे करून पुढे जातो. इमाम रागिब इस्फहानी यांनी या शब्दाचे मूळ 'तरबियत' असे सांगितले आहे. एखाद्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्णत्वाला नेणे, म्हणजे तरबियत. सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांसाठी जी दुआ शिकवली आहे, तीत त्यांनी मला लहानपणी वाढवले त्याप्रमाणे तू त्यांच्यावर दया कर, असा अर्थ येतो. तेथे वाढवण्यासाठी आलेले क्रियापद याच तरबियतचे आहे. म्हणजे आईबाप जे थोडा काळ करतात, ते रब्ब अखंड करीत असतो. आईबाप त्या कामातले त्याचे हात आहेत.

दुसरे नाव रहमान. एका हदीसमध्ये आले आहे की, रक्ताच्या नात्याला 'रहिम' हे नाव अल्लाहने आपल्या रहमान या नावातून दिले. आईच्या गर्भाशयालाही अरबीत हाच शब्द आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. युद्धकैद्यांतील एक स्त्री व्याकूळ होऊन मूल शोधत होती. मूल दिसताच तिने त्याला उचलून छातीशी धरले आणि पाजू लागली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सोबत्यांना विचारले की, ही बाई आपले मूल आगीत टाकेल काय? ते उत्तरले की, तिच्या हाती असेपर्यंत कधीच नाही. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, ही आपल्या मुलावर जितकी दयाळू आहे, त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर अधिक दयाळू आहे. आणखी एका हदीसप्रमाणे अल्लाहने दयेचे शंभर भाग केले आणि त्यातला एकच पृथ्वीवर उतरवला. त्याच एका भागामुळे घोडी आपल्या शिंगरावर पाय पडू नये म्हणून खूर उचलून धरते. जगातल्या सगळ्या बापांची माया त्या एका भागात आली. उरलेले नव्व्याण्णव भाग त्याच्यापाशी आहेत. तेव्हा अल्लाहला बाप न म्हणण्याचे कारण त्याचे प्रेम बापापेक्षा उणे आहे, हे नव्हे. त्याचे प्रेम मोजायला बाप हे माप अपुरे पडते.

आणि तो धावणारा बाप? आपल्याकडेही धावणे आहे. एका हदीस-ए-कुदसीमध्ये अल्लाह सांगतो की, बंदा माझ्याकडे चालत आला, तर मी त्याच्याकडे धावत येतो. वाळवंटात अन्नपाण्यासह हरवलेला उंट, मरणाची वाट पाहत पडलेल्या माणसाला अचानक परत मिळावा, तेव्हा त्याला जो आनंद होतो, त्याहून अधिक आनंद अल्लाहला बंद्याच्या तौबेचा होतो, असेही प्रेषितांनी सांगितले आहे.

येथपर्यंत आपण आणि ख्रिस्ती बांधव जवळजवळ चालतो. पुढे वाट वेगळी होते. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे पित्याच्या प्रेमाची परिसीमा म्हणजे मानवाच्या पापांसाठी पुत्राचे बलिदान. आपल्या श्रद्धेप्रमाणे क्षमा करण्यासाठी अल्लाहला कोणाच्याही रक्ताची गरज नाही. खरी तौबा पुरेशी आहे आणि एकाचे ओझे दुसरा उचलत नाही. हा भेद लहान नाही आणि तो झाकण्यात सौजन्यही नाही. मात्र भेद सांगताना समोरच्याच्या शब्दामागची तहान ओळखावी लागते. ती मला एकदा ओळखता आली नव्हती.

धुळ्याला महाविद्यालयात असताना नवापूरकडचा एक मावची ख्रिस्ती मुलगा माझ्या वर्गात होता. डबा उघडण्यापूर्वी तो डोळे मिटून पुटपुटायचा आणि त्यात 'बापा' हा शब्द मला ऐकू यायचा. एके दिवशी त्याने सहज विचारले, "तुम्ही अल्लाहला बाप का म्हणत नाही रे?" मी नुकताच मदरशातून बाहेर पडलेलो. मी दलीलवर दलील दिली. निकियाच्या परिषदेपासून सूरह इखलासपर्यंत सगळे ऐकवले. तो निरुत्तर झाला आणि मला जिंकल्यासारखे वाटले. तिसऱ्या वर्षी एकदा बस चुकल्यामुळे आम्ही स्थानकावर रात्रभर बसलो होतो. तेव्हा तो बोलता बोलता म्हणाला की, तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील घर सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. "बाप हा शब्द मी फक्त प्रार्थनेत वापरतो," तो म्हणाला. "दुसरं कुणाला म्हणणार?"

मी दिलेले उत्तर अकीद्याच्या दृष्टीने बरोबर होते आणि आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. पण ज्याला ते दिले, तो माणूस मी पाहिलाच नव्हता. त्या रात्री मला त्याला एक गोष्ट सांगता आली असती. आमच्या प्रेषितांनी आपले वडील पाहिले नव्हते. त्यांच्या जन्मापूर्वीच हजरत अब्दुल्लाह वारले. सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले. त्या पोरक्या प्रेषिताला धीर देताना सूरह जुहामध्ये अल्लाहने आठवण करून दिली की, तू अनाथ होतास, त्याने तुला आसरा दिला. अल्लाहने स्वतःला त्यांचा बाप म्हटले नाही. पण बाप नसलेल्या मुलाला त्याने उघड्यावरही ठेवले नाही. हे मी त्याला सांगितले असते, तर आमच्या श्रद्धा वेगळ्याच राहिल्या असत्या, पण त्या बाकावर आम्ही थोडे जवळ बसलो असतो.

मला जे उत्तर हवे होते, ते अखेर तफसीरच्या एका जुन्या पानावर सापडले. हजचे विधी आटोपल्यावर अरब लोक मिनामध्ये जमून वाडवडिलांच्या पराक्रमाच्या बढाया मारीत. सूरह बकराच्या 200 व्या आयतीत त्यांना सांगितले गेले की, जसे तुम्ही आपल्या वाडवडिलांचे स्मरण करीत होता, तसे, किंबहुना त्याहून अधिक, अल्लाहचे स्मरण करा. या आयतीचा अर्थ सांगताना मक्केचे थोर ताबिई अता (रह.) यांनी तान्ह्या मुलाचे उदाहरण दिले आहे. ते इब्ने कसीर यांनी नोंदवून ठेवले आहे. बोबडे मूल जसे सारखे 'अबह्, उम्मह्' म्हणत आईबापांचा धोसरा लावते, तसा तुम्ही अल्लाहच्या स्मरणाचा धोसरा लावा. ती ओळ वाचून मी पुस्तक मिटले. तौहीदने आपल्याकडून बापाचे नाव घेऊ दिले नाही, पण मुलाची हाक मात्र आपल्यापाशीच ठेवली. त्याला बाप म्हणायचे नाही, पण हाक मारायची ती अशी, की आईबापांशिवाय दुसरे काही ठाऊक नसलेल्या लेकराने मारावी.

दुसऱ्या दिवशी मकतबनंतर मी त्या मुलीला बोलावले. म्हणालो, "बेटा, तुला अब्बा कोणी दिले? अम्मीच्या मनात तुझी माया कोणी घातली? ज्याने ते दिले, तो रब्ब आहे. बाप घरी नसतो तेव्हाही तो असतो. बाप झोपतो, तो झोपत नाही. सगळ्यांच्या आईबापांची माया त्याच्या मायेचा एक हिस्सा आहे. तू त्याची बंदी आहेस, म्हणजे तू त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाची नाहीस."

तिला ते पटलेले दिसले. पण निघताना दारात थांबून तिने विचारले, "मग मौलाना, तुम्ही आम्हाला नेहमी जहन्नमचंच का सांगता?"

या प्रश्नावर मात्र मला ग्रंथ उघडावा लागला नाही. अल्लाहचे भय सत्य आहे, हिशेबाचा दिवस सत्य आहे आणि तो मुलांना सांगितलाच पाहिजे. पण दूध सांडले तरी 'अल्लाह मारील', खोडी केली तरी 'अल्लाह जाळील', असे आपण येता-जाता म्हणत असू, तर ज्याच्या कलामाची प्रत्येक सूरह, एक वगळता, रहमान आणि रहीम या नावांनी सुरू होते, त्याची ओळख आपण मुलांपासून लपवतो आहोत. अक्रा बिन हाबिस यांना दहा मुले होती आणि त्यांनी एकाचेही कधी चुंबन घेतले नव्हते. प्रेषितांनी नातू हसन (रजि.) यांचा मुका घेतलेला पाहून त्यांना आश्चर्य वाटले. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की, जो दया करीत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही. त्या एका भागातली माया मुलापर्यंत पोहोचवायला अल्लाहने आपल्याला नेमले आहे. ज्या घरात बापाची पावले वाजताच मुले गप्प होतात, त्या घरातल्या मुलांना 'रब्ब' या शब्दाचा अर्थ कोणत्या कोशातून समजावायचा?

आता आमच्या मकतबमध्ये नव्या मुलांचा पहिला धडा बिस्मिल्लाहचा असतो. त्यातल्या दोन नावांवर आम्ही पूर्ण आठवडा घालवतो. जहन्नमचा धडा आहेच, पण तो नंतर येतो. ती मुलगी आणि तिची ख्रिस्ती मैत्रीण अजून एकाच बाकावर बसतात. दोघी आपापल्या हाकेने हाक मारतात.

हे आमच्या रब्ब, आमच्या मुलांना तुझी ओळख आमच्या रागातून होऊ देऊ नकोस, तुझ्या दयेतून होऊ दे. ज्यांना बाप नाही आणि ज्यांना बाप असून नसल्यासारखा आहे, त्या सर्वांचा तू आसरा हो. आमीन.